जुनी गाडी गरम होते, कुलंट सारखं कमी होतं: कारण शोधायचं कसं

कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, पेट्रोलसारखं जळून संपत नाही. इंजिन, रेडिएटर आणि हीटर यांच्यातून ते बंद वाटेनं फिरत राहतं. त्यामुळे धडधाकट गाडीत वर्षभरात कुलंटच्या बाटलीतली पातळी जेमतेम बोटभर हलते. दर पंधरवड्याला त्यात भर घालावी लागत असेल, तर ते कुठून तरी बाहेर पडतंय हे नक्की. जमिनीवर पडत असेल, गाडीच्या आतल्या मॅटखाली झिरपत असेल, इंजिन ऑईलमध्ये मिसळत असेल, नाहीतर वाफ होऊन सायलेन्सरवाटे जात असेल. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सच्या तेलात जाण्याचीही एक वाट असते, कारण त्या तेलाचा कूलर बऱ्याचदा रेडिएटरच्याच पोटात बसवलेला असतो.

हा बिघाड मी इतक्या जुन्या गाड्यांत दुरुस्त केलाय की त्याचा नेहमीचा प्रवास आता ओळखीचा झालाय. आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कुलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप) बदलला जातो, मग कुलंट फिरवणारा वॉटर पंप, मग रेडिएटर. तरी तापमानाचा काटा वर जातोच. खरं कारण रेडिएटरच्या झाकणाच्या कडक झालेल्या रबरात किंवा रबरी होसच्या सैल क्लॅम्पमध्ये असतं आणि तोवर दोन-तीनदा गरम होऊन हेड, म्हणजे इंजिनाचा सिलेंडरांवर बसणारा वरचा भाग, वाकलेलं असतं. म्हणून आधी लक्षणं, मग तपासणी, आणि तीही सोप्याकडून अवघडाकडे.

लक्षणं

सर्वात उपयोगाचा प्रश्न हा: काटा नेमका कधी चढतो?

सिग्नलला किंवा गर्दीत चढतो आणि मोकळा रस्ता मिळाला की उतरतो, तर रेडिएटरला हवा मिळत नाही. म्हणजे फॅन, त्याची वायरिंग किंवा त्याचा पट्टा. उलट वेगात, चढावर किंवा गाडी भरलेली असताना चढतो, तर हवा भरपूर आहे पण उष्णता बाहेर टाकली जात नाही. रेडिएटर आतून चोंदलाय, पंपाची पाती झिजलीत, किंवा खालचा होस पंपाच्या ओढीनं आत दबून चपटा होतोय. गार इंजिन सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच गरम होत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा हेड गॅस्केट (हेड आणि त्याखालचा इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधलं पातळ सील) गेलंय.

काटा लाल रेषेकडे आणि हीटर चालू केला तर थंड हवा, ही जोडी दिसली की गाडी लगेच बाजूला घ्या. हीटरपर्यंत पोहोचायला कुलंटच उरलेलं नाही किंवा मध्ये हवा अडकलीय. गरम झालेल्या गाडीचा काटा अचानक खाली पडला तर सुटकेचा श्वास टाकू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. पाणी संपून तो कोरडा पडला की काटा उतरतो, इंजिन मात्र तापतच असतं.

काटा जागेवर, पण कुलंट कमी होतं, असं असेल तर गळती बारीक आहे आणि हातात वेळ आहे. गाडीत गोडसर वास येतो, पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं, डॅशबोर्डखालची मॅट ओली लागते, तर डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून दिसणारी वाफ नेहमीचीच, पण इंजिन पूर्ण तापल्यावरही गोड वासाचा पांढरा धूर येत राहिला तर कुलंट सिलेंडरमध्ये जातंय.

हात लावण्याआधी

गरम इंजिनावर झाकण उघडायचं नाही. निम्मं पाणी, निम्मं कुलंट हे मिश्रण उघड्या भांड्यात साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळतं. एक बारच्या झाकणाखाली तेच सव्वाशे अंशांच्या पुढेही द्रवच राहतं. झाकण सैल केलंत की दाब एकदम उतरतो आणि आतलं सगळं त्याच क्षणी उकळून चेहऱ्यावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होस दाबून पाहा, तो मऊ आणि गार लागला तरच जाड फडकं धरून झाकण हळू फिरवा. तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नका. धातू एका बाजूनं एकदम आकसतो आणि हेडला किंवा ब्लॉकला चीर पडू शकते.

रेडिएटरचा विजेवर चालणारा फॅन बऱ्याच गाड्यांत चावी काढल्यावरही आपोआप सुरू होतो. त्याच्याजवळ काम करायचं तर बॅटरीची ऋण बाजूची वायर आधी काढा.

चालत्या गाडीत काटा चढायला लागला तर एसी बंद करा, हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण सोडा आणि सुरक्षित जागा दिसताच थांबून इंजिन बंद करा. हीटर थोडी उष्णता ओढून घेतो आणि बाजूला व्हायला तेवढा अवधी मिळतो. ‘घर जवळच आहे’ म्हणून पुढे रेटलेले दोन किलोमीटर हेड वाकवायला पुरतात.

पहिली तपासणी: गार इंजिनातली पातळी

सकाळी गाडी सुरू करण्याआधी झाकण उघडून रेडिएटरमध्येच डोकावा. फक्त बाटली पाहून भागत नाही. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, हे जुन्या गाडीत नेहमी दिसतं. तापल्यावर फुगलेलं कुलंट बाटलीत जातं, गार होताना ते परत ओढलं जायला हवं. झाकणाची झडप खराब असेल, किंवा बाटलीच्या नळीला चीर असेल, तर कुलंटऐवजी हवा ओढली जाते. नळीचं टोक बाटलीत पातळीच्या खाली बुडलेलं आहे ना, तेही पाहा. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, दाबाचं झाकण बाटलीवर असतं. तिथे बाटलीतलीच पातळी खरी.

रंगही पाहून ठेवा. तपकिरी, गंजट पाणी म्हणजे कोणीतरी बराच काळ नुसतं पाणी घातलंय, आणि मग पंप आणि रेडिएटर दोघांवरही संशय घ्यायला जागा आहे. वर तेलाचा तवंग असेल तर थेट हेड गॅस्केटच्या भागाकडे जा.

दुसरी: झाकण

इथे मी सर्वात जास्त वेळ घालवतो, कारण इतक्या लहान वस्तूवर एवढं अवलंबून असतं हे कोणी मनावर घेत नाही. झाकणात दोन झडपा असतात. मोठी, स्प्रिंगवर बसलेली, ठरलेला दाब होईपर्यंत वाट बंद ठेवते. मधली छोटी, इंजिन गार होताना उघडून बाटलीतलं कुलंट परत आत घेते. मोठीची स्प्रिंग सैल झाली की दाब टिकत नाही, उकळबिंदू खाली येतो आणि एरवी शांत राहिलं असतं ते कुलंट चढावर उकळून बाटलीतून बाहेर सांडतं. कुठेही गळती नाही, तरी कुलंट कमी होतं आणि गाडीही गरम होते, याचं हे अगदी नेहमीचं कारण.

झाकण उजेडात धरा. खालच्या रबरावर नख दाबा; ते मऊ असायला हवं, कडक झालेलं, चिरलेलं किंवा कडेला खोल खाच पडलेलं नको. मधली छोटी चकती नखानं हलकेच ओढली की उघडायला आणि सोडली की बसायला हवी. रेडिएटरच्या तोंडाची आतली बैठकही पुसून पाहा, तिथे गंजाचा पापुद्रा असेल तर नवं झाकणही दाब धरत नाही. गार झालेल्या गाडीचा वरचा होस चपटा पिचकलेला दिसला तर छोटी झडप उघडत नाही, एवढं निदान झाकण न काढताही होतं.

नवं झाकण त्याच दाबाचं घ्या. वर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमध्ये. जास्त दाबाचं झाकण लावलं म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. जुन्या रेडिएटरचा जो सांधा आतापर्यंत टिकून होता तो त्या दाबानं सुटतो.

तिसरी: उघडी गळती

रात्री इंजिनाखाली मोठा पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून वरची जागा अंदाजे कळते. एसीचं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं, त्याला गळती समजू नका. मग टॉर्च घेऊन वाळलेल्या खुणा शोधा. कुलंट उडून जातं, पण मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरपुडी सोडतं. ती खरपुडी गळतीपेक्षा जास्त भरवशाची, कारण बऱ्याच गळत्या फक्त तापल्यावर होतात आणि थेंब गरम ब्लॉकवर पडताच वाफ होऊन जातो.

होसची टोकं आणि क्लॅम्प, प्लास्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे जोडलीय तो रेडिएटरचा सांधा, थर्मोस्टॅटचं घर, हीटरकडे जाणारे दोन पाईप, या जागा आधी. होस हातात दाबा. करकर वाजला किंवा अति मऊ, फुगीर लागला तर बदला. वॉटर पंपाच्या शाफ्टखाली एक मुद्दाम ठेवलेलं बारीक छिद्र असतं. आतलं सील गेलं की तिथून थेंब पडतो. त्या छिद्राखाली खरपुडीची लांब रेघ दिसली तर पंप बदलायचा. सील लावून वेळ मारून नेऊ नये, कारण गळणारं पाणी बेअरिंगमध्ये शिरायला लागलेलं असतं.

ब्लॉकच्या बाजूला आणि मागे पत्र्याच्या गोल टोप्या ठोकून बसवलेल्या असतात, कोअर प्लग म्हणतात त्यांना. नुसत्या पाण्यावर चाललेल्या इंजिनात त्या आतून गंजून टाचणीएवढ्या भोकानं गळतात. मागच्या बाजूची टोपी दिसतच नाही, म्हणून छोटा आरसा जवळ ठेवा.

चौथी: हवा, पट्टा आणि फॅन

एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत माती, पानं आणि किडे साचून गादी तयार होते. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि आत हवाच जात नाही. पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढे, साध्या पाईपनं मारा. जोराच्या धारेनं पातळ पापण्या वाकतात. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण कोणी दुरुस्तीत काढून ठेवलं असेल तर ते परत बसवा. ते नसेल तर फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच हवा घुसळत बसतो.

इलेक्ट्रिक फॅन असेल तर इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. फिरला नाही तर फ्यूज, मग रिले, मग मोटरला बॅटरीवरून थेट वीज देऊन पाहा. एसीनं फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर तापमानाचा स्विच किंवा सेन्सर. फॅनची मोटर बदलल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल तर रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागद धरा. फॅन चालू असताना तो जाळीला चिकटायला हवा. दूर ढकलला गेला तर वायर उलट्या जोडल्यात.

इंजिनाच्या पट्ट्यावर चालणाऱ्या फॅनला मध्ये व्हिस्कस क्लच असतो, तो तापल्यावर फॅनला पकडून फिरवतो. इंजिन बंद करून, नुकतंच तापलेलं असताना फॅन हातानं फिरवा. अडथळा जाणवायला हवा. भिंगरीसारखा मोकळा फिरला तर क्लच गेला. त्याच्या पुढच्या तोंडावरून बाहेरच्या दिशेनं तेलाचे ओघळ दिसत असतील तर तीच गोष्ट आधीच कळते.

पाचवी: थर्मोस्टॅट

काटा चढतोय पण वरचा होस अजून गारच, तर थर्मोस्टॅट उघडत नाही. तो काढून तपासणं सोपं आहे. गार इंजिनात घर उघडा, थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्याच्या भांड्यात असा लटकवा की तळाला टेकणार नाही. पाण्यात थर्मामीटर ठेवून हळूहळू तापवा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्याच्या आसपास झडप हलायला लागते आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडते. उकळत्या पाण्यातही अर्धवट उघडी राहिली, किंवा गार झाल्यावर फट उरली, तर नवा घ्या. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे आणि छोटं हवेचं छिद्र असेल तर ते वर.

‘थर्मोस्टॅट काढूनच टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला तुम्हाला मिळेल. तो मानू नका. इंजिन मग तापायला फार वेळ घेतं, पेट्रोल जास्त पितं, ऑईल कमी तापमानावरच राहून त्यात ओलावा साठतो आणि सिलेंडर लवकर झिजतात. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की कुलंटचा एक हिस्सा रेडिएटर टाळून तसाच गरम परत येतो, आणि गाडी जास्तच तापते. शिवाय खरं दुखणं झाकलं जातं आणि पुढच्या माणसाला सापडत नाही.

सहावी: रेडिएटरचं पोट आणि पंप

इंजिन तापवून बंद करा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरनं रेडिएटरची सगळी जाळी तपासा. तापमान आत येणाऱ्या टोकापासून बाहेर जाणाऱ्या टोकाकडे हळूहळू उतरायला हवं. मध्येच गार पट्टे दिसले तर तेवढ्या नळ्या क्षारानं बंद आहेत. थोड्या असतील तर फ्लश करून पाहा, बऱ्याच असतील तर रेडिएटर बदला.

पंपाची पुली हातानं हलवली तर खेळ लागता कामा नये. आतली पाती गंजून गेली असतील तर बाहेरून काही दिसत नाही. सगळं ठीक, थर्मोस्टॅट नवा, तरी वेगात तापते, तेव्हा पंप उतरवून पाहावा.

सातवी: दाबाची चाचणी

हातपंपाचा प्रेशर टेस्टर गॅरेजमध्ये असतो, कुठे भाड्यानंही मिळतो. गार इंजिनात झाकणावर लिहिलाय तेवढाच दाब द्या आणि पंधरा मिनिटं थांबा. टेस्टरचा काटा स्थिर तर बाहेरची गळती नाही, निदान गार असताना तरी नाही. काटा उतरतोय आणि कुठूनतरी थेंब येतोय, तर जागा सापडली. काटा उतरतोय आणि थेंब कुठेच नाही, तर हीटर नाहीतर इंजिनाच्या आत.

रेडिएटरमध्ये टाकायची गळती बंद करणारी पावडर या टप्प्यावर मोहात पाडते. ती भोक आणि हीटरची बारीक नळी यांत फरक करत नाही. आडवाटेला अडकलात तर एकदा वापरा, आणि नंतर सगळी यंत्रणा धुऊन घ्या.

हेड गॅस्केट

गार इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटांतच वरचा होस दगडासारखा टणक झाला, तर ती सर्वात बोलकी खूण. एवढ्यात उष्णतेनं दाब तयार होऊच शकत नाही, म्हणजे सिलेंडरमधला वायू कुलंटमध्ये शिरतोय. रेडिएटरमध्ये थांबत नाहीत असे बुडबुडे येणं हीदेखील तीच गोष्ट. खात्रीसाठी निळ्या रसायनाची चाचणी आहे: रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढायची, जळालेला वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो.

ऑईलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली म्हणून घाबरू नका. थंडीत फक्त जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत ती नुसत्या ओलाव्यानंही धरते. डिपस्टिकवरचं ऑईलच दुधाळ झालं असेल तर मात्र शंका उरत नाही. डिझेल गाडीत कुलंट जातंय, गळती नाही, बुडबुडे नाहीत, तर हेड उतरवण्याआधी ईजीआर कूलर (इंजिनात परत घेतला जाणारा धूर कुलंटनं गार करणारा भाग) तपासून घ्या. तो आतून फुटला की कुलंट गुपचूप धुराबरोबर जातं.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

ऑईल दुधाळ असेल तर इंजिन सुरूच करू नका, टो करून न्या. पाणी मिसळलेलं ऑईल बेअरिंग वाचवू शकत नाही. स्टार्टर मारताच इंजिन ठक्क होऊन अडकलं तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलेंडरमध्ये पाणी साठलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल, हीटर गळत असेल, रासायनिक चाचणी पिवळी आली असेल, किंवा वरच्या सगळ्या पायऱ्या करूनही काटा चढत असेल, तर पुढचं काम घरचं नाही.

हेड उतरलं की ते सपाट आहे का ते सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून आपल्यासमोर मोजून घ्यायला सांगा. बऱ्याच इंजिनांत चालणारी वाकडेपणाची मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये. चिरेसाठी प्रेशर टेस्ट करून घ्या, आणि कंपनीनं एकदाच वापरायचे सांगितलेले हेड बोल्ट नवेच घाला. नुसतं गॅस्केट बदलून वाकलेलं हेड परत चढवलं तर थोड्याच दिवसांत तेच गॅस्केट पुन्हा जातं.

परत भरताना

काहीही बदललं तरी शेवटी कुलंट भरावं लागतं, आणि बऱ्याच चांगल्या दुरुस्त्या इथे फसतात. डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मं-निम्मं. रंगावर जाऊ नका, मॅन्युअलमधला प्रकार पाहा. दोन वेगळ्या जातींचं कुलंट मिसळलं तर गाळ धरू शकतो. गाडीचं तोंड थोडं वर राहील अशी लावा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा आणि हळूहळू ओता. बुडबुडे थांबून हीटरमधून गरम हवा यायला लागली आणि फॅन आपोआप एकदा चालू-बंद झाला की हवा निघाली समजा.

काढलेलं कुलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते विषारी आहे आणि गोड लागत असल्यानं कुत्री-मांजरं ते चाटतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. नंतर आठवडाभर रोज सकाळी, गाडी गार असताना बाटलीवर मार्करनं रेघ मारून पातळी पाहा. पहिल्या एक-दोन दिवसांत ती थोडी उतरेल, उरलेली हवा निघून जाते म्हणून. त्यानंतरही उतरत राहिली तर पुन्हा दाबाच्या चाचणीपासून सुरुवात करा.